अकोल्यात राजाची वाट पाहणारे

१/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोल्यात एक अमेरिकन मिशन स्थिरावले. शाळा काढणे किंवा दवाखाने उभारणे हा त्याचा मूळ उद्देश नव्हता. ख्रिस्त राजा म्हणून पृथ्वीवर परत येणार आहे, तो दिवस जवळ आला आहे आणि त्याआधी प्रत्येक राष्ट्राच्या कानावर त्याची वार्ता गेली पाहिजे, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. त्यामुळे त्यांना घाई होती. वऱ्हाडच्या दुष्काळाने त्या घाईला थांबायला लावले. हा थ्रेड त्या घाईविषयी आणि त्या थांबण्याविषयी आहे.

२/
मिशनरींविषयी दोन तयार गोष्टी सर्वत्र ऐकू येतात. एका गोष्टीत मिशनरी हा साम्राज्याचा हस्तक असतो. दुष्काळात धान्य दाखवून तो माणसे बाटवतो. दुसऱ्या गोष्टीत तो निर्मळ सेवाव्रती असतो, त्याला स्वतःचा हेतू म्हणून काही नसतोच. या दोन्ही गोष्टी सांगणाऱ्यांचे एका बाबतीत एकमत असते: मिशनरी स्वतः काय मानत होता, हे विचारण्याची कुणालाच गरज वाटत नाही. अकोल्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न टाळला की पुढचे काहीच नीट उलगडत नाही.

३/
प्रथम मूळ कल्पना. येशूच्या शिकवणुकीच्या केंद्रस्थानी ‘देवाचे राज्य’ आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यालाच बहुतेक ठिकाणी ‘स्वर्गाचे राज्य’ म्हटले आहे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतील मूळ शब्द ‘बासिलेया’. त्यात सीमा आखलेल्या प्रदेशापेक्षा राजाची सत्ता चालू असणे हा अर्थ अधिक आहे. मराठीत ‘राज्य’ म्हटले की प्रदेश डोळ्यांपुढे येतो; ‘राज्य करणे’ म्हटले की तो ग्रीक अर्थ जवळ येतो. देवाची इच्छा जिथे चालते तिथे त्याचे राज्य, असा त्याचा आशय.

४/
पण हे राज्य आले आहे की यायचे आहे? नव्या करारात दोन्ही उत्तरे सापडतात. राज्य कधी येणार, असे परुश्यांनी विचारले तेव्हा ते तुमच्यामध्येच आहे, असे येशू सांगतो. त्याच वेळी ते येवो म्हणून प्रार्थना करायलाही तो शिकवतो. आधीच उगवलेले आणि तरीही पूर्ण न झालेले, अशा दुहेरी अवस्थेत ख्रिस्ती विचार तेव्हापासून उभा आहे. पूर्णत्व येईल ते ख्रिस्ताच्या पुनरागमनाने. त्यासाठी वापरलेला ‘परूसिया’ हा ग्रीक शब्द त्या काळी राजाच्या नगरभेटीसाठीही वापरला जाई.

५/
इथे अनेकांना कल्की आठवतो. साम्य आहे, पण ते फार दूर नेता येत नाही. पुराणांतील काळ चक्राकार आहे; कल्कीनंतर पुन्हा कृतयुग सुरू होते आणि चाक फिरत राहते. ख्रिस्ती कल्पनेत इतिहास एकदाच घडतो आणि एकदाच पूर्ण होतो. शिवाय येणारा कोणी नवा अवतार नाही. जो आधी येऊन गेला तोच परत येणार आहे. काळ परत फिरणार नसेल, तर उरलेल्या काळाला विलक्षण किंमत येते. अकोल्यात आलेल्या माणसांची घाई या हिशेबातून जन्मली होती.

६/
प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. त्यावरून तीन मते पडली. हजार हा आकडा प्रतीकात्मक आहे, असे एक मत. पाचव्या शतकातील ऑगस्टीनपासून त्याचे वजन मोठे. दुसरे मत असे की, माणसांच्या प्रयत्नांतून आणि सुवार्तेच्या प्रसारातून जग हळूहळू सुधारेल, ते सुवर्णयुग येईल आणि मग ख्रिस्त येईल. तिसरे मत उलट: जग बिघडतच जाईल, ख्रिस्त आधी येईल आणि तोच ते राज्य स्थापील. हा वाद केवळ पंडिती नव्हता. समुद्र ओलांडून गेलेल्या मिशनरीने शाळा बांधायची की पुढचे गाव गाठायचे, यावर त्याचा परिणाम होत असे.

७/
महाराष्ट्रात याचा पडताळा घेता येतो. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत आले; अहमदनगरचे केंद्र १८३१ पासूनचे. त्या पिढीवर दुसऱ्या, आशावादी मताचा पगडा होता. त्यामुळे छापखाना, भाषांतर, मुलींच्या शाळा ही कामे त्यांना देवाच्या राज्याची पायाभरणी वाटत. अहमदनगरमधील सिंथिया फॅरार यांच्या शाळेशी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचा आलेला संबंध सर्वश्रुत आहे. अर्थात चित्र इतके सरळही नाही: १८५४-५५ मध्ये रूफस अँडरसन यांनी पाहणी करून याच मिशनच्या इंग्रजी शाळांना कात्री लावली आणि प्रचाराला अग्रक्रम दिला. मतभेद एकाच घरात नांदत होते.

८/
नंतर अमेरिकेतच वारे फिरले. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने जग आपोआप सुधारत चालल्याच्या विश्वासाला तडा गेला. जॉन नेल्सन डार्बी यांच्यासारख्या प्रचारकांमुळे तिसऱ्या मताचा जोर वाढला. न्यूयॉर्कमधील प्रेस्बिटेरियन पाळक अल्बर्ट बेंजामिन सिम्प्सन यांनी १८८१ मध्ये आपल्या प्रतिष्ठित चर्चचे पद सोडले आणि स्वतंत्र काम सुरू केले. १८८७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने दोन संस्था निघाल्या. त्या १८९७ मध्ये एक होऊन ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ उभी राहिली. ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि येणारा राजा, हे तिचे चार खांब.

९/
यातील चौथा खांब इथे महत्त्वाचा. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात येशू सांगतो की राज्याची सुवार्ता सर्व राष्ट्रांना साक्ष म्हणून गाजवली जाईल आणि मग शेवट येईल. सिम्प्सन यांनी या वचनाला कामाचा आराखडाच मानले. सगळे जग ख्रिस्ती करायचे नव्हते. सगळ्या जगाला ऐकवायचे होते. ऐकवून झाले की राजाचा मार्ग मोकळा. मग संस्था, इमारती आणि वर्षानुवर्षांचे शिक्षण यांत वेळ कशाला दवडायचा? साधे प्रशिक्षण घेतलेले, ठरलेल्या पगाराची हमी नसलेले स्त्रीपुरुष भराभर परदेशी रवाना झाले.

१०/
अकोलाच का? वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले होते. अमेरिकन यादवीच्या काळात कापसाचे भाव कडाडले आणि हा प्रदेश जागतिक बाजाराला जोडला गेला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. अकोला त्याच वाटेवर. ज्या रुळांवरून गाठी मुंबईला जात, त्यांवरूनच प्रचारक आत येत. मार्कस आणि जेनी फुलर हे अमेरिकन दांपत्य अलायन्सच्या स्थापनेआधीच वऱ्हाडात काम करत होते. पुढे ते तिच्यात सामील झाले. अकोला हे अलायन्सचे भारतातील प्रमुख केंद्र बनले.

११/
आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्यातून सावरण्याआधीच १८९९-१९०० चा, अधिक भीषण. वऱ्हाड हा सुपीक काळ्या मातीचा मुलूख. इथे उपासमार होईल, हेच अनेकांना खरे वाटत नव्हते. इतिहासकार लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांचा संबंध तपशिलाने मांडला आहे: सरकारचा महसूल आणि कापसाचा बाजार यांच्या दाबाखाली इथली जुनी शेतीव्यवस्था दुबळी झाली होती. पाऊस हुकला तेव्हा आधाराला काही उरले नव्हते. रस्त्यावर मुले उरली, आईबापांशिवाय.

१२/
घाईत असलेल्या मिशनपुढे आता पेच होता. पाच वर्षांचे मूल ‘साक्ष’ ऐकून वाटेला लागू शकत नाही. त्याला आज जेवायला लागते, उद्या लागते आणि पुढची बारा-पंधरा वर्षे लागते. अकोल्यात मुलांसाठी आणि खामगावात मुलींसाठी अनाथगृहे उभी राहिली. मुलांना वाचायला शिकवणे आले, हाताला काम शिकवणे आले, मोठी झाल्यावर त्यांची लग्ने लावणे आले. ज्या संस्थात्मक पसाऱ्यापासून सिम्प्सन यांची चळवळ दूर राहू पाहत होती, तोच पसारा वऱ्हाडच्या मातीत मूळ धरू लागला. राजा उद्या येईल असे मानणाऱ्यांनी विहिरी, भिंती आणि वह्या यांचा हिशेब ठेवायला सुरुवात केली.

१३/
याला कुणी तत्त्वाशी तडजोड म्हणेल. तसे म्हणणे चुकीचे ठरेल, आणि त्याचे कारण त्याच ग्रंथात आहे. मत्तयाचा चोविसावा आणि पंचविसावा अध्याय हे जैतुनाच्या डोंगरावरील एकच प्रवचन आहे. चोविसाव्यात सुवार्ता राष्ट्राराष्ट्रांत जाण्याची गोष्ट आहे. पंचविसाव्यात परत आलेला राजा न्यायाला बसतो आणि विचारतो ते असे: भुकेल्याला कुणी खाऊ घातले, परक्याला कुणी घरात घेतले? भुकेल्यासाठी केले ते माझ्यासाठीच केले, असे तो सांगतो. अकोल्याचे मिशन चोविसाव्या अध्यायाच्या जोरावर आले आणि पंचविसाव्यामुळे राहिले. दुष्काळाने त्यांना त्यांच्याच ग्रंथाचे पुढचे पान उलटायला लावले.

१४/
म्हणून सारे निर्दोष ठरते का? नाही. अनाथ मुलांना धर्म निवडता आला नाही. अन्न देणारा हात आणि प्रार्थना शिकवणारा हात एकच असेल, तर ‘स्वेच्छा’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो. जेनी फुलर यांचे ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड’ हे पुस्तक १९०० मध्ये निघाले, पंडिता रमाबाईंच्या प्रस्तावनेसह. बालविवाह आणि वैधव्य यांवरचे त्यातील प्रहार खरे आहेत. हिंदू समाजाकडे पाहणारी त्यातील नजर मात्र त्या काळच्या पाश्चात्त्य श्रेष्ठत्वभावापासून मुक्त नाही. त्याच वर्षी जेनी यांचे निधन झाले. करुणा आणि अहंता एकाच व्यक्तीत असू शकतात, हे मान्य केल्याशिवाय हा इतिहास लिहिता येत नाही.

१५/
‘देवाचे राज्य’ या शब्दाला मराठी माणसांनी काय उत्तर दिले, हेही पाहायला हवे. रमाबाई त्याच दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनची वाढ त्यातून झाली. पुढे त्यांनी अखेरपर्यंत खपून संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणले. कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.

१६/
‘दरबार’ हा शब्द टिळकांनी सहज निवडला नसावा. राज्य दूर असू शकते, दरबार समोर भरतो. तिथे राजा हजर असतो आणि रयतेला त्याच्यापुढे उभे राहता येते. शेवटाची घटका मोजण्यापेक्षा राजाच्या उपस्थितीत आजच बसावे, असा त्याचा रोख दिसतो. न्यूयॉर्कहून निघालेल्या ‘येणाऱ्या राजा’च्या शेजारी हा मराठी ‘दरबार’ ठेवला की एकाच शिकवणुकीची दोन टोके दिसतात: एक क्षितिजाकडे पाहणारे, दुसरे अंगणाकडे. टिळक १९१९ मध्ये गेले. सिम्प्सन यांचे निधनही त्याच वर्षीचे.

१७/
यातून इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे? श्रद्धेला केवळ मुखवटा समजू नये. महसूल, कापूस, रेल्वे आणि साम्राज्य यांच्याइतकीच माणसाची काळाविषयीची कल्पनाही इतिहास घडवते. जग उद्या संपणार असे मानणारा आणि जग हजार वर्षे सुधारत जाणार असे मानणारा, हे दोघे एकाच गावात वेगळी इमारत बांधतात, किंवा बांधतच नाहीत. पण श्रद्धाही कोऱ्या जमिनीवर उतरत नाही. वऱ्हाडात ती भुकेल्या मुलांसमोर उतरली आणि तिला आपला अर्थ पुन्हा तपासावा लागला.

१८/
राजा आला नाही. वाट पाहणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्या वऱ्हाडातच वाढल्या, मराठीतच प्रार्थना करत राहिल्या. या कहाणीत सर्वांत कमी ऐकू येणारा आवाज त्यांच्या पूर्वजांचा आहे. मिशनच्या अहवालांत बोलतात ते मिशनरी. अनाथगृहातल्या मुलाने ‘राजा येणार’ हे वाक्य ऐकले तेव्हा त्याच्या मनात कोणता राजा उभा राहिला, हे तिथे सापडत नाही. निजाम? इंग्रज कलेक्टर? की दारात भाकरी घेऊन उभे असलेले कुणी?

१९/
याचे उत्तर बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत, जुन्या दफनभूमीतल्या दगडांवर आणि घराघरांतल्या आठवणींत शोधावे लागेल. अकोला, खामगाव, अकोट, अमरावती इथल्या तरुण वाचकांना हे काम हाकेच्या अंतरावर आहे. शेजारच्या आजी-आजोबांना त्यांच्या पणजोबांचे नाव विचारावे. ते दुष्काळाआधी कोणत्या गावचे होते, हेही विचारावे. काही घरांत गावाचे नाव उरले असेल, काहींत तेही नसेल. जे सांगतील ते लिहून ठेवावे, आणि त्यांच्या परवानगीनेच.