जलपर्णीचे प्लास्टिक आणि भंगारवाल्याचे हात

उन्हाळा आला की पुण्याची मुळा-मुठा, कोल्हापूरची पंचगंगा, भीमेवरचे उजनी धरण जलपर्णीने झाकून जाते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती आपल्याच सांडपाण्यावर पोसते. तिच्यापासून प्लास्टिक होऊ शकते, हे ऐकून मला आधी आनंदच झाला.

फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस लेम्वान यांनी १९२६ मध्ये जीवाणूंच्या पेशीत पीएचबी नावाचा पदार्थ शोधला. साखर भरपूर पण नायट्रोजन कमी अशी वेळ आली की काही जीवाणू, आपण चरबी साठवतो तसे, याचे कण साठवतात. जलपर्णीतले सेल्युलोज आम्लाने किंवा एन्झाइमने फोडून साखर करायची, ती जीवाणूंना द्यायची, मग कण काढून घ्यायचे. पीएचबी मातीत कुजते, समुद्रातही. प्रयोगशाळेत हे जमले आहे. बाजारात मात्र पीएचबी साध्या प्लास्टिकच्या कित्येक पट महाग पडते. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते, ते वाहून न्यायचे आणि वाळवायचे कोणी? शिवाय नदीतले शिसे, कॅडमियमही ती शोषून घेते.

हे प्रश्न शास्त्रज्ञ सोडवतील. माझी काळजी धारावी-कुर्ल्याच्या गोदामांची आहे. तिथे प्लास्टिक निवडणाऱ्यांत आपले कितीतरी भाऊ-बहिणी आहेत. तुकडा मोडताना येणारा आवाज, जाळल्यावरचा वास, एवढ्यावर ते मालाची जात सांगतात. कुजणारे प्लास्टिक चुकून साध्या मालात मिसळले, तर वितळवून केलेला दाणा खराब होतो आणि नुकसान या माणसांच्या माथी येते. नियमाप्रमाणे पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ छापावे लागते, पण गोदामात येतो तो फाटका, मळका तुकडा.

बी.एस्सी., बी.टेक. करणाऱ्या मुलामुलींनो, तुमच्यापैकी काहींचे वडील याच धंद्यात आहेत. प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर हा घ्या: असा तुकडा यंत्राशिवाय कसा ओळखायचा? पॉलिथिन पाण्यात तरंगते, पीएचबी बुडते. इथवर सोपे आहे. पण पाण्याच्या बाटलीचे पीईटी आणि पाइपचे पीव्हीसीही बुडतात. पुढची खूण शोधायला एखादा दिवस निवडणाऱ्या बाईशेजारी बसा आणि तिला विचारा.