माळ्यावरचे रिकामे खोके

पावसाळा सुरू झाला की खोकला आणि दमा यांच्या जोडीला आणखी एक तक्रार माझ्याकडे हमखास येते : माळ्यावरचे काही काढताना पडलो. गेल्या वर्षी पंचाहत्तरीच्या एका गृहस्थांनी अशीच खुब्याचे हाड मोडून घेतले. वडिलांनी लहानपणी आणून दिलेल्या चावीच्या ‘हॉर्नबी’ आगगाडीचे खोके शाबूत आहे ना, हे पाहायला ते स्टुलावर चढले होते. गाडी खाली कपाटातच होती. “रिकाम्या पुठ्ठ्यासाठी एवढे?” सूनबाई मला म्हणाल्या.

त्यांचा राग मला कळतो. पण वाचकहो, ते खोके रद्दीत मात्र देऊ नका. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९२० साली या गाड्या काढल्या, तेव्हापासून मुलांनी गाड्या जपल्या आणि खोकी फाडली. म्हणूनच मूळ खोक्यासह असलेल्या गाडीला संग्राहक अधिक किंमत देतात. या खोक्याच्या झाकणाच्या आत तर वडिलांनी पेन्सिलीने लिहिलेले मुलाचे नाव होते.

माळा ही जागा पुठ्ठ्याला आणि माणसाला सारखीच घातक. उन्हाळ्यात स्लॅबखालच्या उष्णतेने पुठ्ठा ठिसूळ होतो, पावसाळ्यात दमट हवेत त्यावर बुरशी धरते, आणि तीच बुरशी दमेकऱ्याच्या छातीत कफ दाटवते. खोके निजायच्या खोलीतल्या कपाटात, बाहेरच्या ओल्या भिंतीपासून दूर, कंबर ते खांदा या उंचीवर ठेवावे. त्यावर वजन ठेवू नये. आकार टिकावा म्हणून आत आम्लविरहित पातळ कागद चुरगळून भरावा. वर्तमानपत्र नको, त्यातील आम्लाने डाग पडतात. चिकटपट्टी व रबर वर्ज्य. कोपरे उसवले असतील तर सुती नाडी सैल बांधावी. बुरशी दिसलीच तर मुखपट्टी लावून, गच्चीत सावलीत, मऊ ब्रशने झाडावी. ओले फडके लावू नये. हे काम दमेकऱ्याने करू नये.

कसरीच्या भीतीने बहुतेक घरांत डांबरगोळ्या टाकतात. माझा खरा आक्षेप तिथेच आहे. नॅफ्थलीनच्या वाफेने जुन्या गाड्यांचे काही प्लॅस्टिक मऊ पडते, हे एक. पण जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या अर्भकाच्या रक्तातील तांबड्या पेशी या वाफेने फुटू शकतात आणि कावीळ जिवावर बेतू शकते. डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी न धुता बाळाला गुंडाळणे म्हणूनच धोक्याचे. जुन्या पत्र्याच्या गाड्यांच्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा त्या रांगत्या मुलाच्या हाती देऊ नयेत, आणि हाताळल्यावर आपणही हात धुवावेत.

ते गृहस्थ आता वॉकर घेऊन चालतात. खोके सूनबाईंनीच खाली आणले आहे, त्यांच्या पलंगाशेजारच्या कपाटात. दिवाळीनंतर त्या घरात बाळ येणार आहे. कपाट उघडले की अजून डांबरगोळ्यांचा वास येतो, असे परवा ते बोलता बोलता म्हणाले. या रविवारी मी स्वतःच जाऊन पाहणार आहे.