धुके, चलन आणि सत्याणुव्रत

पौषातील पहाटे वाशीमहून शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास निघालेली गाडी धुक्यात उसाच्या ट्रॉलीवर आदळते. माणसे बचावतात, पुढे कलम १८४ अन्वये धोकादायक वाहनचालनाचे चलन येते. ते मान्य नसल्यास दंड न भरता 'महाट्रॅफिक' ॲपवर तक्रार करता येते, न्यायालयात बाजूही मांडता येते.

मात्र नुसते धुके हा बचाव नव्हे. ईर्यासमिती पाळणारे मुनी चार हात भूमी पाहूनच पाऊल टाकतात; चालकालाही दिसेल तेवढ्या अंतरात थांबता आले पाहिजे. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, हे छायाचित्र व पंचनामा सांगतील. वेग किती होता, हे चालकालाच लिहावे लागते. सत्याणुव्रती श्रावकाची लेखणी तेथेच अडते.