मागील चाकांस स्टिअरिंग द्यावे काय?

आमचा भाचा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. तो व त्याचे सोबती मिळून आडरानात धावणारी शर्यतीची गाडी बांधीत आहेत. गेल्या महिन्यात तो आराखडा घेऊन आला व म्हणाला, "मामा, पुढच्याबरोबर मागची चाकेही वळवली, तर गाडी जागच्या जागी फिरेल. मग आम्हांला कोण गाठतो?" आमच्या वडील भगिनी शेजारीच बसल्या होत्या. गाडी ह्यानेच चालवावयाची आहे, एवढेच त्या म्हणाल्या.

कल्पना पोरकट खचित नाही. गोदामातील फोर्कलिफ्ट आणि शेतातील कापणी-मळणीचे यंत्र ही मागील चाकांवरच वळतात, व म्हणूनच अरुंद जागेत चपळ ठरतात. परंतु ही सारी मंदगती यंत्रे होत. वेग वाढला की प्रकरण पालटते.

बाणाच्या शेपटीस पिसे असतात ती कशासाठी, हे वाचकांस ठाऊक आहेच. मोटारीची मागील चाके हेच कार्य करितात. पुढील चाके दिशा दाखवितात. मागील चाके शेपूट आवरून धरितात. आता केवळ मागील चाकांनी डावीकडे वळावयाचे म्हटले, तर शेपूट प्रथम उजवीकडे फेकावे लागते. अर्थात् क्षणभर गाडीवर उजवीकडचाच जोर पडतो व मग ती डावीकडे वळते. उजव्या अंगास दरी असेल, तर तो क्षण फार मोठा होय! पुढची-मागची चाके परस्परविरुद्ध वळविली, तर हा दोष सौम्य होतो. तथापि शेपटीचा आधार ढळतोच.

त्यात आडरानातील भूमी सैल. वाळूवर टायरची पकड आधीच तुटपुंजी, आणि मागील चाकांना इंजिनाचा जोरही पेलावयाचा असतो. निष्णात चालक अ‍ॅक्सिलरेटर कमीअधिक दाबून मागची बाजू हवी तितकीच घसरू देतो. म्हणजे मागील चाके तो पायाने वळवीतच असतो. त्यांस निराळे स्टिअरिंग देणे म्हणजे एका घोड्यास दोन लगाम लावणे होय.

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात 1967 साली तिहुआना ते ला पाझ अशी वाळवंटी शर्यत प्रथम झाली, व ती पुढे 'बाहा 1000' ह्या नावाने गाजली. तेथील मोठ्या ट्रकांची मागील चाके पाऊण मीटर खालीवर होऊ शकतात. एवढ्या हालचालीत चाक वळविणारे दांडे बसविले, की चाक उचलताच त्याचा कोन आपोआप बदलू लागतो. उडी घेतलेली गाडी तिरप्या मागील चाकांवर उतरली म्हणजे काय होईल, ते आम्ही भगिनींसमोर सांगितले नाही.

भाच्याने अर्थातच दाखले काढले. 1988 साली अमेरिकेतील पाइक्स पीक डोंगरावर आरी वातानेन ह्या फिन्निश चालकाने चारही चाके वळणारी प्यूजो 405 घेऊन 10 मिनिटे 47.22 सेकंदांत विक्रम केला. हा दाखला खरा, व वजनदारही. पण तो सुमारे 20 किलोमीटरचा, 156 वळणांचा घाट होता. तेथे वळण्यातच सारे यश. दुसरा दाखला 'थ्रस्ट एसएससी'चा. 15 ऑक्टोबर 1997 रोजी नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीनने ही गाडी ताशी 1,228 किलोमीटरच्या वेगाने हाकली, आणि ती खरोखरच मागील चाकांनी वळत असे. परंतु तो नाइलाज होता. पुढे दोन प्रचंड जेट इंजिनांच्या गर्दीत चाके वळण्यास जागाच उरली नव्हती. सपाट वाळलेल्या तळ्यावरही ती सरळ राखण्यास ग्रीनला फार झटावे लागले. जे लढाऊ विमानाच्या वैमानिकास जड गेले, ते विद्यार्थ्याने हौसेने का पत्करावे?

अलीकडे काही महागड्या मोटारींत वेग वाढताच मागील चाके पुढच्यांच्याच दिशेने अंशमात्र वळतात व स्थैर्य वाढते. ही योजना निर्दोष दिसते. परंतु ती डांबरी रस्त्यावर. दगडगोट्यांत तिचे वजन वाहावे लागते आणि मोडण्याजोगा आणखी एक सांधा वाढतो. आम्ही तरी भाच्यास 'नको' असेच सांगितले.

तो पुरता वळलेला नाही. येत्या रविवारी मोकळ्या मैदानात आमची जुनी मोटार उलटी हाकून पाहावयाचे ठरले आहे, कारण उलट चालताना पुढचीच चाके मागची होतात. भगिनींनी वेगाची मर्यादा आधीच ठरवून दिली आहे.