मुहूर्तापूर्वींचा एक प्रश्न

गेल्या पंधरवड्यांत कळंब्यांतील एका परिचित घरचीं वडील माणसें आमच्याकडे पंचांग पाहावयास आलीं. सून तीन महिन्यांची गर्भवती. पतीसमवेत अमेरिकेंतील टेक्सस प्रांतीं निघालेली. मुहूर्त आम्हीं सांगितला. परंतु मागाहून एक प्रश्न विचारला, तेव्हां मंडळी एकमेकांकडे पाहूं लागली. "देव न करो, पण तेथें गर्भास कांहीं अपाय झाला, तर सुनेवर उपचार करण्यास डॉक्टरांस कायद्याची मोकळीक आहे काय? नसल्यास तिला दुसरीकडे नेण्याइतका पैसा हाताशीं आहे काय?" आजीबाईंनीं कानांवर हात ठेवले. शुभकार्यीं अभद्र बोलूं नये, हें आम्हांसहि मान्य आहे. तथापि न बोलल्यानें संकट टळतें असें नाहीं.

कोल्हापुराहून बेळगांव कांहीं दूर नाहीं. तेथील कन्या, दंतवैद्य सविता हलप्पनवार, पतीसह आयर्लंडांतील गॉलवे शहरीं राहत होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्यें, सतराव्या आठवड्यांत, त्या रुग्णालयांत दाखल झाल्या. गर्भ वांचणार नाहीं हें डॉक्टरांनींच सांगितलें. तेव्हां गर्भपात करावा अशी त्यांनीं विनंति केली. परंतु गर्भाचें हृदय चालू आहे तोंवर तसें करतां येत नाहीं, असें उत्तर मिळालें. पुढें रक्तांत विषार भिनला आणि २८ ऑक्टोबर रोजीं, वयाच्या ३१ व्या वर्षीं, त्या निवर्तल्या. संसर्गावर नजर ठेवण्यांतहि कसूर झाली, असें चौकशींत निष्पन्न झालें. परंतु १९८३ सालच्या घटनादुरुस्तीनें मातेचा व गर्भाचा जीव समान लेखिला होता, ही धास्ती डॉक्टरांच्या मागें होतीच.

वाचक म्हणतील, शेजारीं इंग्लंड होतें ना? होतें. १९६७ च्या कायद्यान्वयें तेथें सोय होती, आणि तेथें जाण्याची मोकळीक आयरिश घटनेनें १९९२ सालींच मान्य केली होती. पण ती मोकळीक ज्याच्याजवळ पैसा व कागदपत्रें, त्याचीच. प्रवासाचें भाडें, उतरण्याचा खर्च, दवाखान्याचें बिल, सर्व पदरचें. परदेशीय स्त्रीस बहुधा इंग्लंडचा प्रवेश-परवाना निराळा काढावा लागे. २०१४ सालीं आश्रय मागण्यास आलेल्या एका तरुणीस ह्याच दोन अडचणींमुळें जातां आलें नाहीं. अखेर शस्त्रक्रियेनें तिची प्रसूति करण्यांत आली. आणि रुग्णशय्येवर तापानें फणफणणाऱ्या स्त्रीनें समुद्र ओलांडावा तरी कसा? पुढें लोकमत पालटलें. २५ मे २०१८ रोजीं शेंकडा ६६ मतांनीं ती दुरुस्ती रद्द झाली.

आपल्याकडे १९७१ सालींच कायदा झाला व २०२१ सालीं तो सुधारला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराचें मत पुरतें, कांहीं प्रकारच्या स्त्रियांस चोवीसपर्यंत दोघांचें. मातेचा जीव वांचविण्याची तांतडी असेल, तर मुदतीची अट नाहीं. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमति पुरे. पतीची वा सासऱ्याची सही कायदा मागत नाहीं. भ्रूणहत्येस शास्त्रांनीं पातक म्हटलें, हें आम्ही विसरलों नाहीं. परंतु मृत गर्भ काढण्यास विलंब करूं नये, असें सुश्रुतानें मूढगर्भाच्या प्रकरणांत वैद्यास बजावलें आहे, तें मातेच्या प्राणासाठींच. जो गर्भ वांचणारच नाहीं त्याच्यापायीं जी वांचूं शकते तिलाहि गमावणें, ह्याला आम्ही धर्म म्हणणार नाहीं.

टेक्ससमध्यें २०२२ पासून मातेच्या जिवास अथवा शरीरास गंभीर धोका असल्याखेरीज गर्भपातास बंदी आहे. पतीच्या परवान्यावर गेलेल्या पुष्कळ स्त्रियांस तेथें नोकरीची मुभा नसते; अर्थात् पैसा दुसऱ्याच्या हातीं. म्हणून सुनेस वा लेकीस परदेशीं धाडतांना तेथील कायदा विचारावा, विम्यांत काय येतें तें वाचावें, पारपत्र तिच्याच जवळ ठेवावें, आणि अडचणीच्या वेळीं वडिलांच्या आज्ञेची वाट पाहूं नकोस, असें तिला निघण्यापूर्वींच सांगावें.

मंडळी उठली. आजीबाई उंबऱ्याशीं थांबल्या. "मास्तर, ते अडीअडचणीचे पैसे कोणाच्या नांवावर ठेवावे?"

"सुनेच्या," आम्हीं म्हटलें.