आधी मोजा, मग भांडा

काल चालत होतं, आज चालत नाही, म्हणजे मधे ज्याने हात लावला त्याचीच चूक! आमच्या एमआयडीसीत हा न्याय फार जुना आहे. सेकंड शिफ्टला जॉब रिजेक्ट झाला की फर्स्ट शिफ्टवाल्याने सेटिंग बिघडवलं, हे ठरलेलं. मीही हाच न्याय लावला आणि एका सरळ मुलाचं बिल तीन आठवडे अडवून ठेवलं. ते काही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

आमचं भोसरीत छोटंसं टूलरूम आहे. डाय, फिक्श्चर असली कामं. गिऱ्हाइकं बहुतेक चाकणची. सगळी ड्रॉइंग्ज आणि मॉडेल्स कोपऱ्यातल्या एका स्टोरेजवर असतात (आम्ही त्याला 'डबा'च म्हणतो) आणि चार कॉम्प्युटर त्यावरून फाइली घेतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. आमच्या जुन्या मशीनवर ११ बसत नव्हतं, म्हणून चारही कॉम्प्युटर नवीन घेतले. कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या मुलाने एका गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, सगळं जोडून दिलं.

शुक्रवारी सकाळी ४ जीबीचं एक फोल्डर उतरवायला घेतलं. पूर्वी पाऊण मिनिटही लागत नसे. चहा आला, चहा संपला, हिरवी पट्टी अर्ध्यावरच! सोमवारी डायची ट्रायल होती. मी त्या मुलाला फोन लावला आणि सगळ्यांसमोर स्पीकरवर वाट्टेल ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "काका, मला येऊन मोजू द्या." मी म्हटलं, मोजायचं काय त्यात, दिसतंय की!

तर तो आला आणि खरंच मोजत बसला. आणि इथेच मी खजील झालो, कारण चारही कॉम्प्युटर सारखे मंद नव्हतेच. एकाचा वेग सेकंदाला ११ एमबी, बाकी तिघांचा २८ च्या आसपास. म्हणजे दुखणी दोन होती आणि मी शिवी एकच दिली होती.

११ हा आकडा ऐकताच तो हसला. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीपर्यंत मिळतात. बरोबर दहावा हिस्सा मिळाला तर लाइन १०० मेगाबिटवर उतरली आहे असं समजायचं. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० ला दोन पुरतात. एखादी तार तुटली तरी काम बंद पडत नाही, दोन्ही टोकं गुपचूप खालच्या वेगावर येतात. टेबल सरकवलं तर खाली केबल चेपलेली सापडली. आणि टेबल सरकवलं कुणी? नवीन कॉम्प्युटर येणार म्हणून बुधवारी आम्हीच!

बाकी तिघांचं कोडं जरा वेगळं. त्याने आयपर्फ नावाचा प्रोग्रॅम लावला. तो डिस्कला हात न लावता नुसती तार मोजतो. तार ठणठणीत. दोन नवीन कॉम्प्युटरमध्ये आपसात फाइल पाठवली, पूर्ण वेग. मंद फक्त डब्याकडून येताना. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून 'प्रो'मध्ये नेटवर्कवरच्या फाइलींच्या प्रत्येक पॅकेटवर सही सक्तीची झाली आहे, म्हणजे वाटेत कुणी काही बदललं तर लगेच कळावं.

चाकणच्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या गेटवर उभं राहिलात तर हे चटकन समजेल. पूर्वी टेम्पो नुसता हात दाखवून आत जायचा. आता प्रत्येक चलनावर शिक्का. नवीन कॉम्प्युटर भराभर शिक्के मारतात; आमच्या डब्यातला जुना प्रोसेसर मात्र एकटा म्हातारा वॉचमन. रांग तिथे लागली होती.

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला एकच: सही बंद करा, एका ओळीचं काम आहे. खरंच आहे, आणि वेग लगेच परत येतो. पण माझं मत विचाराल तर हे चूक आहे. गेटवर रांग लागते म्हणून कुणी गेट काढून टाकत नाही, दुसरा वॉचमन ठेवतात. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या आलं तेव्हा आपल्या जेएनपीटीवरच्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. ते भोक वेगळं होतं, एसएमबीच्या जुन्या पहिल्या आवृत्तीतलं. सहीने ते बुजलं नसतं. पण 'आपल्या आतल्या नेटवर्कवर कोण येतंय' हा भ्रम त्या वर्षी फुटला. आमच्या डब्यात गिऱ्हाइकाची ड्रॉइंग्ज आहेत. ती माझी नाहीत, विश्वासाने दिलेली आहेत.

अपग्रेड नेहमी निर्दोष असतं असंही नाही हं. २००७ मध्ये व्हिस्टा आलं तेव्हा फाइल कॉपी खरोखरच मंद झाली होती. गाणं लावलं की नेटवर्कचा वेग पडायचा! कॉपीचं दुखणं २००८ च्या सर्व्हिस पॅकमध्ये बरंचसं सुधारलं. तेव्हा 'व्हिस्टाने केलं' म्हणणारे बरोबर होते. म्हणूनच म्हणतो, अनुभवावरून दोष ठरवू नये. मागच्या वेळचा चोर या वेळचाही चोर असेलच असं नाही. मायक्रॉनमध्ये मोजल्याशिवाय जॉब पास न करणारे आम्ही, माणसाला मात्र नजरेनेच रिजेक्ट करतो.

केबल बदलली, ९० रुपये. नवीन डबा घेतला, तो मात्र महाग पडला. जुना आता रात्रीच्या बॅकअपला ठेवलाय; रात्रभर सावकाश शिक्के मारत बसला तरी कुणाला घाई नसते. ट्रायल सोमवारी वेळेवर झाली.

बिल मात्र मी त्यानंतरही दोन आठवडे दिलं नाही. पैसे नव्हते असं नाही. चूक कबूल करायला जीभ वळत नव्हती. शेवटी दिलं, आणि ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच माफीही मागितली. तो म्हणाला, "असू द्या काका, सगळीकडे असंच असतं." हे 'सगळीकडे असंच असतं' मला जास्त लागलं.