उशाशी असलेली गोळ्यांची पट्टी

आमच्या सासूअम्मींच्या उशाशी ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. जळजळ झाली की एक गोळी घ्यायची, वर कपभर थंड दूध. "तिखट बाधलं असेल," म्हणून त्याही गप्प आणि आम्हीही गप्प. एंडोस्कोपी झाली तेव्हा जठराचा कर्करोग पसरला होता. सहा महिन्यांत त्यांचा इंतकाल झाला.

पुढे डॉक्टरांनी आमच्या ह्यांना विचारलं, "तुमची तपासणी केली का?" ह्यांना तर काहीच त्रास नव्हता.

तेव्हा समजलं, की जठरात 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' नावाचा जिवाणू राहतो. तो बहुधा लहानपणी घरातूनच पोटात जातो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो 1982 मध्ये वाढवून दाखवला. लोकांना पटेना, म्हणून मार्शल 1984 मध्ये तो स्वतःच प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. 1994 पासून हा जिवाणू कर्करोगाच्या कारणांत गणला जातो.

घाबरू नका. तो पुष्कळांच्या पोटात असतो, कर्करोग थोड्यांनाच होतो. पण आई, वडील किंवा भावंडांना हा आजार झाला असेल, तर धोका वाढतो. तंबाखू आणि फार खारट खाणं त्यात भर घालतं. कोरियात अशाच नातेवाइकांवर अभ्यास झाला. सुमारे 9 वर्षांत, जिवाणूवर औषध दिलेल्यांपैकी 1.2 टक्के लोकांना कर्करोग झाला. न दिलेल्यांत हे प्रमाण 2.7 टक्के होतं.

तपासणी श्वासाची किंवा शौचाची असते. त्याआधी दोन आठवडे ॲसिडिटीच्या काही गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर जिवाणू असूनही दिसत नाही. कोणत्या, ते डॉक्टरांनाच विचारा. उपचार साधारण 14 दिवसांचे. अँटिबायोटिक मध्येच सोडायची नाहीत. महिनाभराने जिवाणू गेला का, हे पुन्हा तपासायचं. वजन घटणं, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा घास अडकणं, यांपैकी काही असेल तर मात्र थेट एंडोस्कोपीचं विचारा.

ह्यांच्या पोटात जिवाणू निघाला. औषधं झाली, दुसरी तपासणी स्वच्छ आली. धोका कमी झाला, संपला नाही, असं डॉक्टर म्हणाले. धाकटे दीर मात्र अजून म्हणतात, "भाभी, मला काय झालंय?"

सासूअम्मीही हेच म्हणायच्या.